मोकळ्या जागेत वाफे द्या




चाकूरसारख्या शेतीच्या गावात कुंडीत भाजी कशाला लावायची, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. चारी बाजूंना शिवार असताना खिडकीत मेथी पेरणे त्यांना शहरी हौस वाटते. मला ही गरज वाटते, आणि म्हणून नगरपंचायतीपुढे एक मागणी ठेवते आहे.

शिवार आहे, पण त्यात माळवं उरलेले नाही. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, आणि दोन्हींच्या मध्ये तणनाशकाची फवारणी. पूर्वी मूग-उडदाच्या पाटात अंबाडी, चवळी असायची, बांधावर दोडक्याचा वेल असायचा. तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी न पेरता मिळायची. निंदायला गेलेली बाई ओटीत भाजी घेऊनच घरी यायची. आज तीच बाई बाजारात जुडी विकत घेते. ज्यांना शेतच नाही त्यांचे काय सांगावे? भाड्याने राहणारे शिक्षक, एसटीचे कर्मचारी, पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेली कुटुंबे, रोजंदारीवरची माणसे यांच्या वाट्याला एक खिडकी येते, फार तर घरमालक देईल तेवढी गच्ची.

खिडकीत काय होते आणि काय होत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. नुसती काळी माती डब्यात भरली तर पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि मुळे कुजतात. तीत बारीक मुरूम, कुजलेले शेणखत आणि सोयाबीनची गुळी मिसळली की मेथी, कोथिंबीर, पालक, चुका छान येतो. तेलाचे रिकामे डबे तळाला भोके पाडून वापरता येतात. सदाफुली आणि तुळस तर कुठेही तग धरतात. पण पूर्वेच्या खिडकीत ऊन दहापर्यंतच. वांगी, टोमॅटो, भेंडीला पाच-सहा तास चांगले ऊन लागते. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात; तेव्हा मधमाशी किंवा पतंग फिरकला नाही, तर नराचे फूल तोडून हाताने मादीवर फिरवावे लागते. घरच्या चार माणसांना आठवड्यातून दोनदा पुरेल एवढी भाजी हवी असेल, तर खिडकी कमी पडते. जमीनच लागते.

ती जमीन शहरात आहे. नियमाप्रमाणे एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे अडीच एकरांमागे दहा गुंठे. आपल्याकडच्या लहान शहरांत या जागांवर बहुतेक ठिकाणी गाजर गवत माजते, नाहीतर कुणाचे तरी पत्र्याचे शेड उभे राहते. निम्मी जागा मुलांच्या खेळायला राहू द्या. उरलेल्या पाच गुंठ्यांत पाव-पाव गुंठ्याचे वीस वाफे पडतात. ते वर्षाच्या कराराने, नाममात्र भाड्याने, ज्यांना शेत नाही अशा कुटुंबांना द्यावेत.

ही काही नवलाची गोष्ट नाही. आपली रेल्वे मोकळी जमीन भाजीपाल्यासाठी स्वतःच्या कर्मचाऱ्यांना परवान्यावर देत आली आहे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने सहा रहिवाशांनी भाजीच्या वाफ्यांसाठी लेखी मागणी केली तरी स्थानिक परिषदेला ती विचारात घ्यावीच लागते. आपल्याकडे राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचतगटांच्या बायकांकडून गावोगाव पोषण परसबागा करून घेतल्या. पण ते काम ग्रामीण भागासाठी. चाकूरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली म्हणून इथल्या बाईची गरज बदलली का?

पाण्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तो उन्हाळा या जिल्ह्यात कोण विसरेल? म्हणूनच मी बारमाही बाग मागत नाही. मृगापासून संक्रांतीपर्यंत वाफे चालवावेत आणि उन्हाळ्यात जमीन तापू द्यावी. गुळीचे जाड आच्छादन असले की काळी माती ओल धरून ठेवते. शिवाय बाजारातली जुडीही कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावरच वाढलेली असते. ज्या जिल्ह्यात उसाला पाणी दिले जाते, तिथे पालकाच्या वाफ्याला दोन बादल्या नाकारणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अतिक्रमणाचा. तो खराच आहे. म्हणून करारात दरवर्षी नव्याने सोडत काढावी, झाड लावणे किंवा शेड बांधणे चालणार नाही असे लिहावे, आणि हंगामात दोन महिने वाफा पडीक राहिला तर तो पुढच्या अर्जदाराला जावा. माझे मत विचाराल तर, वीस कुटुंबे रोज संध्याकाळी जिथे येतात त्या जागेवर डोळा ठेवणे रिकाम्या जागेपेक्षा अवघडच जाईल.

कडेने झेंडू लावायला सांगावे. दसऱ्या-दिवाळीला भाव चढतो तेव्हा घरचे तोरण होते, आणि झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींचा उपद्रवही कमी होतो.

नगरपंचायतीने येत्या मृगाआधी ठराव घेऊन एकाच लेआऊटमध्ये एक हंगाम हे करून पाहावे. आमच्या गल्लीतल्या बायकांनी अर्ज लिहून ठेवला आहे. इतर प्रभागांतल्या ज्यांना वाफा हवा असेल, त्यांनीही आपापल्या नगरसेवकाकडे लेखी मागणी द्यावी.

आपली,
एक वाचक, चाकूर (जि. लातूर)