वृत्ती कुणाची मोजायची?

शिक्षणशास्त्रातील संशोधनाला आपल्याकडे तोटा नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांच्या चळती लागलेल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळांची शीर्षके एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात : अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांची अध्यापन-व्यवसायाविषयीची वृत्ती आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांचा सहसंबंध. पद्धतही ठरलेली. शंभर-दोनशे शिक्षकांच्या हाती छापील प्रश्नावली द्यायची. ‘मला शिकवण्यात आनंद वाटतो’ यासारख्या विधानापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतच्या पाच घरांपैकी एकात खूण करून घ्यायची. स्त्री आणि पुरुष, शहरी आणि ग्रामीण, शासकीय आणि खासगी असे गट पाडून सरासऱ्यांची तुलना करायची. अखेरच्या प्रकरणात शिफारस करायची की, शिक्षकांची वृत्ती सकारात्मक व्हावी म्हणून उद्बोधन वर्ग भरवावेत. मग तो वर्ग भरतो, चहापान होते, उपस्थितीच्या सह्या होतात आणि शिक्षक होता तसा आपल्या वर्गात परततो.

या उद्योगाविरुद्ध आमची तक्रार तो निरुपयोगी आहे एवढीच असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. निरुपयोगी कागद सरकारी कचेऱ्यांतही थोडे नसतात आणि आमची हयात त्यांच्याच सहवासात गेली. आमची तक्रार अशी की, हे संशोधन एका सोयीस्कर समजुतीला शास्त्राचा मुलामा देते. ती समजूत म्हणजे, शाळा बिघडली ती मास्तर बिघडला म्हणून. ही समजूत मंत्र्याला परवडते, अधिकाऱ्याला परवडते आणि खरे सांगायचे तर आपल्यासारख्या सुस्थित पालकांनाही परवडते.

प्रथम त्या प्रश्नावलीचा समाचार घेऊ. १९३४ साली रिचर्ड लापिअर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका साध्या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चिनी माणसांविषयी अमेरिकेत उघड तिटकारा होता, त्या काळात त्याने एका चिनी दांपत्यासह देशभर प्रवास केला. अडीचशे हॉटेले, खाणावळी व मुक्कामाच्या ठिकाणी ते गेले आणि नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. पुढे त्याच ठिकाणांना पत्रे पाठवून त्याने विचारले, ‘चिनी गिऱ्हाइके घ्याल काय?’ उत्तरे देणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांनी ‘नाही’ म्हणून कळवले. माणूस कागदावर जी वृत्ती दाखवतो आणि समोरासमोर जे वागतो, त्यांत एवढी तफावत असू शकते. तेथे कागदावरचा माणूस प्रत्यक्षाहून वाईट निघाला. आपल्याकडे तो प्रत्यक्षाहून चांगला निघेल, कारण प्रश्नावली मुख्याध्यापकांच्या हातून येते आणि त्यांच्याच हाती परत जाते. ‘मला शिकवणे आवडत नाही’ या घरात खूण करण्याइतका भोळा शिक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही.

तर मग शिक्षकाच्या वृत्तीला काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि फार आहे. परंतु ते वर्गात घुसूनच कळते. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांचा कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेतील प्रयोग १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावे देऊन सांगितले की, ही मुले यंदा विशेष चमकतील. वस्तुतः ती नावे, सुमारे पाचांत एक या प्रमाणात, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत ती मुले खरोखरच इतरांच्या पुढे गेलेली आढळली. या निष्कर्षांवर पुढे बरेच वादंग झाले, नंतरच्या प्रयोगांत परिणाम लहान आढळला आणि वरच्या इयत्तांत तर मूळ प्रयोगातही तो फारसा दिसला नव्हता. तरी मुद्दा शिल्लक उरतोच. लहान मूल शिक्षकाच्या अपेक्षेच्या मापाने वाढते.

आपल्या देशात हेच अधिक बोचऱ्या रीतीने सिद्ध झाले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उच्चार नव्हता तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत फरक आढळला नाही. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात चारचौघांत पुकारली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. २०१२ साली रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी दाखवले की, उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर खालची मानली गेलेली जात लिहिलेली असेल, तर परीक्षक किंचित कमी गुण देतात. फरक लहान, पण निश्चित. आणि यातील मर्म असे की, तो त्याच जातिसमूहांतून आलेल्या परीक्षकांच्या हातूनही घडला. यास एकेका शिक्षकाच्या मनाचा दोष कसे म्हणावे? समाजाने जे पढवले तेच शिक्षक फळ्यापाशी उभा राहून परत करतो. वृत्तीची मोजणी करायचीच असेल तर ती त्या समाजापासून सुरू व्हावी, आणि त्या समाजात आपणही मोडतो.

इंदूरच्या जुन्या मराठी घरांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. आपल्या कित्येक पिढ्या घरी मराठी बोलल्या आणि शाळेत हिंदीतून वा इंग्रजीतून शिकल्या. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, म्हणून कुणी आपल्याला मंदबुद्धी ठरवले नाही. उलट ‘मराठ्यांची मुले अभ्यासू’ अशी ख्याती होती. कारण होळकरशाहीपासून या शहरातील शाळांत आणि कचेऱ्यांत आपलीच माणसे बसलेली होती आणि आपल्याकडून अपेक्षा बाळगली जात होती. आता झाबुआ-अलीराजपूरकडून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबाचे मूल पाहा. तेही घरी भिली किंवा भिलाली बोलते आणि शाळेत हिंदीला सामोरे जाते. अडचण तीच, नव्हे अधिक बिकट. परंतु त्याच्या बाबतीत आपण म्हणतो, ‘यांच्या घरी वातावरणच नाही.’ जी गोष्ट आपल्या मुलांच्या बाबतीत द्वैभाषिक संस्कार ठरते, ती त्याच्या बाबतीत उणीव ठरते. हे वाक्य केवळ शिक्षकच बोलत नाहीत. ते आपल्या दिवाणखान्यांतही ऐकू येते.

आता शिक्षकाच्या आळसाचा मुद्दा, कारण आमच्या या प्रतिपादनावर तो आक्षेप येणारच. २००३ सालच्या एका देशव्यापी पाहणीत, पूर्वसूचना न देता केलेल्या भेटींत, सरकारी प्राथमिक शाळांतील चारांतला एक शिक्षक शाळेत नव्हता, असे आढळले. हा आकडा अजूनही सभासभांतून फेकला जातो. परंतु अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या सहा राज्यांच्या अभ्यासाने पुढचा प्रश्न विचारला : जो शाळेत नव्हता तो होता कोठे? तेव्हा कोणतेही कारण नसताना गैरहजर असलेले शेकडा अडीचच निघाले. बाकीचे रजेवर होते, किंवा शासनानेच त्यांना अन्य कामावर धाडले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. पण अपवादांची ही दारे कमी रुंद नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात मतदार याद्यांचे विशेष पुनरीक्षण मध्य प्रदेशात सुरू झाले, तेव्हा घरोघर अर्ज घेऊन कोण हिंडले, हे आपण आपल्याच दारात पाहिले आहे. त्या दिवसांत त्यांचे वर्ग कोण सांभाळत होते, हे मात्र आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

शिक्षकाकडे पाहण्याची शासनाची वृत्ती कोणत्या प्रबंधाने मोजली? १ जानेवारी १९९७ रोजी आपल्या राज्याने शिक्षा गारंटी योजना आणली. जेथे एका किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि चाळीस मुले आहेत, आदिवासी भागांत पंचवीस, तेथे मागणी येताच नव्वद दिवसांत शाळा. हेतू चांगला होता आणि हजारो पाड्यांवर प्रथमच फळा पोहोचला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु त्या शाळेच्या ‘गुरुजी’चे मानधन महिना पाचशे रुपये होते. गुरुजी हे पद जितके उंच, मानधन तितकेच खालचे. पुढे शिक्षाकर्मी आले, संविदा शिक्षक आले, अतिथी शिक्षक आले. वर्षावर्षाच्या आशेवर जगणाऱ्या माणसाला आपण प्रश्नावली देऊन विचारतो, ‘आपल्या व्यवसायाविषयी आपणांस अभिमान वाटतो काय?’

वृत्ती आणि व्यवस्था यांतील फरक ज्यांना नीट पाहायचा असेल, त्यांनी बिहारमधील २००८ च्या सुमाराचा अनुभव अभ्यासावा. माधव चव्हाण यांच्या ‘प्रथम’ संस्थेची पद्धत अशी की, मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता, त्यांना खरोखर काय वाचता येते, हे पाहून पाडावेत आणि तेथून शिकवावे. उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच या रीतीने शिकवले आणि महिन्याभरात मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली. याच पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य शिक्षकांना नेहमीच्या शालेय वर्षात दिले, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य. शिक्षकांची जात तीच, राज्य तेच, मुले तीच. उन्हाळ्यात वृत्ती चांगली आणि जुलैत वाईट, असे तर होत नाही. फरक एवढाच की, उन्हाळ्यात शिक्षकाच्या डोक्यावर अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करण्याची टांगती तलवार नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमातच, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत संपवावा आणि प्रत्येक मुलाची पातळी पाहून जास्तीचे शिकवावे, अशी दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी नांदत आहेत. तपासणीला येणारा अधिकारी विचारतो ते पहिल्याविषयी.

आणि या सर्वांवर एक उत्तर आपल्याच राज्यात, आपल्याच डोळ्यांसमोर घडले होते, हीच खरी व्यथा आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तत्कालीन होशंगाबाद, आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान-शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आणि दिल्ली विद्यापीठाचे वैज्ञानिक त्यांच्या साह्याला आले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने पुढे तो माळव्यासह इतर जिल्ह्यांत नेला. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्याचे पुस्तक उत्तरे देत नसे, ते प्रयोग करायला लावी. मुले बी रुजवीत, पाने गोळा करून त्यांचे गट पाडीत, फासे टाकून संभाव्यता शिकत. परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ बाळगण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगही करावा लागे. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक गृहस्थाला पत्राने विचारता येत आणि त्यांना उत्तरे येत.

परंतु आमच्या दृष्टीने त्या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे संशोधन विज्ञानाचे नव्हते, ते शिक्षकाविषयीचे होते. खेड्यातील साधा सरकारी शिक्षक उन्हाळ्यात प्रशिक्षणाला येई आणि वैज्ञानिकांच्या शेजारी बसून तेच प्रयोग स्वतः करी. दर महिन्याच्या गोष्ठीत तो सांगे की, अमुक प्रयोग माझ्या वर्गात फसला, तमुक वाक्य मुलांना कळले नाही. त्यावर चर्चा होई आणि त्याच्या सांगण्यावरून पुस्तकाचा मजकूर बदलला जाई. त्यांतूनच इतरांना शिकवणारे ‘स्रोत शिक्षक’ तयार झाले. येथे कुणी त्यांची वृत्ती मोजली नाही. त्यांचे म्हणणे ऐकले, आणि त्यातून जी वृत्ती घडली ती कोणत्याही उद्बोधन वर्गाने घडली नसती.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांत पोहोचला होता. मुले पुढच्या परीक्षांत मागे पडतात आणि राज्यभर एकच पाठ्यपुस्तक हवे, ही कारणे सांगितली गेली. तीस वर्षांच्या कामाचा निकाल लावताना त्या शिक्षकांना कुणी विचारले नाही. एकसारखेपणाची ही ओढ आम्हांस परिचित आहे, कारण फायलीला विविधता सोसत नाही. पण राज्यभर एकच पुस्तक असण्यात जी सोय आहे ती सचिवालयाची आहे. सहावीतल्या मुलाची नव्हे. आणि मुले पुढे परीक्षेत अडखळत असतील, तर पाठांतर तपासणाऱ्या त्या परीक्षेचीही तपासणी व्हायला हवी होती.

कुणी म्हणेल, हा जुना विषय, आता उगाळून काय मिळणार? आम्ही म्हणतो, पुष्कळ. इंदुरातील कित्येक शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणींवर आजही मराठी घरांतील माणसे आहेत आणि सेवानिवृत्त शिक्षक तर आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. शासनाची वाट न पाहता त्यांना तीन गोष्टी करता येतील. पहिली, शाळेच्या वेळापत्रकात शिक्षकांना आठवड्यातून एक मोकळी तासिका द्यावी, जिच्यात ते एकत्र बसून मुलांच्या वह्या समोर ठेवून बोलतील आणि मुख्याध्यापक त्या चर्चेचे इतिवृत्त मागणार नाहीत. दुसरी, शिक्षकांना वर्षभराचे पूर्ण वेतन आणि ठरलेली मुदत द्यावी. दहा महिन्यांचा करार आणि मे महिन्यात निरोप, ही चाल आपल्या संस्थांत तरी बंद व्हावी. तिसरी, शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन दारात आला, तर त्याला सांगावे की, बाबा रे, आधी महिनाभर वर्गाच्या मागच्या बाकावर बस, मग विचार.

या पत्रिकेचीही यात एक जबाबदारी आहे, असे आम्ही संपादकांस सुचवतो. शिक्षकांविषयी लिहिणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. पुढील अंकापासून दोन पाने तरी अशा शिक्षकांसाठी राखून ठेवावीत, जे आज वर्गात उभे आहेत. आज कोणता धडा मुलांना कळला नाही आणि का कळला नाही, एवढेच त्यांनी लिहावे. मराठीत लिहिणे अवघड वाटत असेल त्यांनी हिंदीत लिहावे. भाषांतर करून द्यायला आपल्यात निवृत्त मंडळी कमी नाहीत आणि आम्ही आमचे नाव त्या यादीत आजच नोंदवत आहोत.