शिडाच्या गतीने

मुलांनो, आमच्या बजाजनगरात कारखान्यांच्या पाळ्या घड्याळाच्या ठोक्याबरोबर बदलतात. उशीर हा तेथे दोष समजला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी घाई करण्यातच शहाणपण असते काय? मला तसे वाटत नाही. माझे हे मत कोकणातील एका खाडीत बनले.

मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. मामांबरोबर विजयदुर्गाहून खारेपाटणला जायचे होते. वाघोटणच्या खाडीतून आम्ही शिडाच्या मचव्याने निघालो. दुपारी समुद्रावरून खारे वारे वाहू लागले, भरती चढू लागली आणि तांडेलाने शीड उभारले. मचवा इतका संथ चालला होता की, काठावरचा बगळाही दचकत नव्हता. डोंगरउतारावर आंबा, ऐन आणि किंजळ यांची दाटी होती. पाण्याच्या कडेला कांदळवन मुळे रोवून उभे होते. वळणावळणाला एखादा लहानसा धक्का, चार माड आणि दोन होड्या दिसत.

सायंकाळी ओहोटी लागली. नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहणे भाग पडले. मी कुरकुर करू लागलो. तेव्हा तांडेल हसून म्हणाला, “बाळा, पाणी आपलं ऐकत नाही, आपणच पाण्याचं ऐकायचं असतं.”

थांबलो म्हणूनच एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. समोरच्या एका टेकडीवरची झाडे तोडलेली होती आणि तिच्याच पायथ्याशी ओहोटीमुळे गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. मामांनी त्याचे कारण सांगितले. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. झाडे गेली की पावसाबरोबर माती खाडीत उतरते आणि खाडी उथळ होते. एके काळी गजबजलेल्या खारेपाटण बंदराची वाटही अशीच गाळाने अडली. रान आणि बंदर ही दोन नव्हेत, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या पूर्वजांनी हे नाते ओळखले होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी नियम सांगितले आहेत. साग तोडायचा तोही परवानगीने. रयतेच्या आंबा-फणसांस हात लावायचा नाही, कारण ती झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ज्यांना गलबते हवी होती, त्यांनीच झाडांची काळजी वाहिली!

कोणी म्हणेल, “आजच्या युगात शिडाच्या होडीने कोण जाणार?” आक्षेप खरा आहे. आजाऱ्याला दवाखान्यात नेताना वेगच हवा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तिने लोकांचे कष्ट कमी केले, हे मी आनंदाने मान्य करतो. पण डब्याच्या खिडकीतून खाडी क्षणभर चमकते आणि मागे पडते. तिच्या तळाशी साचणारा गाळ तेथून दिसत नाही. आणि जे दुखणे दिसतच नाही, त्यावर उपाय कोण करणार?

म्हणून, संधी मिळाली तर मोठ्यांच्या सोबतीने एखाद्या खाडीतून सावकाश फिरून या. समुद्र दूर असेल, तर आपल्या गावच्या ओढ्याच्या काठाने चाला. कोठे झाडे आहेत, कोठे काठ ढासळला आहे, ते पाहा. वेगाने आपण मुक्कामास लवकर पोहोचतो. परंतु वाटेवरच्या भूमीची ओळख संथ चालणाऱ्यालाच होते आणि ज्या भूमीची ओळख झाली, तिलाच आपण जपतो.