रेडवूड, आणि माझी देणगीची पावती



ऑक्टोबरमध्ये चार दिवस रजा टाकून बे एरियातून १०१ ने वर रेडवूडच्या जंगलात जाऊन आलो. कुठे राहायचं, काय खायचं हे सगळं नेटवर मिळतं, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की उन्हाळ्यापेक्षा हे दिवस बरे. शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे गर्दी कमी, किनाऱ्यावरचं धुकंही विरळ.

लेगेटला बुंध्यात बोगदा पाडलेलं एक झाड आहे. त्यातून गाडी काढायची आणि फोटो घ्यायचा. पोरांच्या हट्टापायी आम्हीही काढली. पण खरं जंगल बघायचं तर तिथून तासाभरावर, ३१ मैलांच्या अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्सवर, फाउंडर्स ग्रोव्हमध्ये गाडी लावून चालायला हवं. डायरव्हिल जायंट हे साडेतीनशे फुटांहून उंच झाड १९९१ मध्ये पडलं, ते अजून तिथेच आडवं आहे. अंगावर शेवाळ, नेचे, नवी रोपं. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं लाकूड फुकट घालवलं?"

मला एकदम आमच्या कोकणातल्या गावची देवराई आठवली. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असं आजी बजावायची.

माझी समजूत होती की हे जंगल सरकारने राखलं. तसं नाही. इथल्या जमिनी लाकूड कंपन्यांच्या होत्या. १९१८ मध्ये सेव्ह द रेडवूड्स लीग स्थापन झाली आणि लोकांनी वर्गणी काढून एकेक राई चक्क विकत घेतली, सरकारने त्यात भर घातली. रॉकफेलरने वीस लाख डॉलर दिले हे खरं, पण कॅलिफोर्नियातल्या महिला मंडळांनीही पैसे जमवून आपली एक राई वाचवली. एवढं करून जुन्या जंगलापैकी जेमतेम पाच टक्के उरलंय. बाकीचं कुठे गेलं ते किनाऱ्यावरच्या गावांत दिसतं. युरेकात लाकडाच्या व्यापाऱ्याने १८८० च्या दशकात बांधलेला कार्सन मॅन्शन, परतीच्या वाटेवर मेंडोसिनोची लाकडी घरं. सुंदरच आहेत, पण एकदा जंगल बघून आल्यावर ती वेगळी दिसतात.

आता मुद्द्यावर येतो. काही वर्षांपूर्वी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावाहून फोन आला, मी पाचशे डॉलर पाठवले. सभामंडप झाला, पाटीवर माझं नाव लागलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कळलं की मंडप देवराईच्या कडेला नाही, देवराईत बांधलाय. सातवीण आणि दोन जुने किंजळ गेले. मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे दोष कुणाला देणार?

"तुम्ही अमेरिकेत बसून झाडं मोजणार, आणि आम्ही पावसात भिजत आरती करायची?" असं गावातले म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. मंडप हवाच. पण तो चाळीस फूट अलीकडे बांधता आला असता, आणि हे सांगायची ताकद पैसे पाठवणाऱ्याकडे असते. आपण ती वापरत नाही. पावती आली, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडले, संपलं.

माझं म्हणणं एवढंच की गावी पैसे पाठवायच्या आधी जागेचा नकाशा मागवा. किती झाडं जाणार ते विचारा. आणि देवराईला कुंपण, राखणदार, नवी रोपं यासाठी वेगळे पैसे द्या. त्याची पाटी लागणार नाही, हरकत नाही.

सध्या आमच्याकडे दुसऱ्या टप्प्याची वर्गणी चालू आहे, गाड्या लावायच्या जागेसाठी. मी नकाशा मागवलाय. अजून आलेला नाही, आणि पैसेही गेलेले नाहीत.

चूक भूल देणे घेणे.