लव्हाळा पुन्हा उगवला म्हणून शेत टाकायचे नसते



दर आठवड्याला या जागी आपण बियाणे, खते, कीड आणि गुरांचा खुराक यांविषयी बोलतो. आज मात्र माणसाच्या वजनाविषयी बोलायचे आहे. शेतकीची पदवी घेतलेल्या माणसाने डॉक्टरांच्या बांधावर का जावे, असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे रास्त आहे. मी औषध सांगणार नाही. पण ही गोष्ट माझ्याच नात्यातली आहे. तिच्यात माझी मोठी चूक झाली, आणि तीच चूक आज अनेक घरांत होताना मला दिसते. म्हणून हा कागद पुढे ओढला.

माझी बहीण अंबरनाथजवळच्या गावात राहते. भाताची थोडी खाचरे, पाठोपाठ वाल, दारात दोन म्हशी. तिचा मुलगा एमआयडीसीत कारखान्यात कामाला आहे. आनंदनगर, मोरिवली या भागाभोवतालच्या गावांत आता बहुतेक घरांची हीच तऱ्हा. एक पाय चिखलात आणि एक पाय पाळीच्या कामात. बापाने नांगर धरला, मोळ्या वाहिल्या. मुलगा आठ तास यंत्रापुढे उभा राहतो किंवा बसतो, आणि रात्रपाळी असली की चहावर जागतो. ताटातला भात मात्र बापाएवढाच.

भाच्याचे वजन १२८ किलोवर गेले. साखर वाढली, गुडघे बोलू लागले, झोपेत श्वास अडकू लागला. डॉक्टरांनी पोट लहान करण्याचे ऑपरेशन, म्हणजे बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया, सुचवली. ताईने गावठाणालगतची दोन गुंठे जागा विकली आणि साडेतीन वर्षांपूर्वी मुंबईत ऑपरेशन झाले. चौदा महिन्यांत वजन ८४ वर आले. साखरेची गोळी सुटली. गावात तो कौतुकाचा विषय झाला.

आणि मग काटा थांबला. महिना गेला, दोन गेले, चार गेले. ८४ चे ८३ होईना. भाचा धास्तावला. एक जेवण बंद केले, मग चिडून दोन जेवला. हळूहळू काटा वर सरकू लागला. ८७ झाले, ९० झाले. त्या वर्षी एका हळदीत तो मटणाच्या पंगतीत बसलेला मला दिसला आणि मी चार लोकांत बोलून गेलो, "आईची जागा विकून पोट कापून घेतलंस, आणि आता तीच जागा खातोस का?"

लोक हसले. तोही हसला. पण त्या दिवसापासून त्याने काट्यावर उभे राहणे सोडले, डॉक्टरांकडे जाणे सोडले, जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सोडल्या. घरी सांगितले की डॉक्टरांनी आता गरज नाही म्हटले. वर्षभराने पायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ सोलवटल्यासारखी झाली, जिना चढताना दम लागू लागला. तपासले तर बी-१२ आणि लोह तळाला गेलेले, साखर पुन्हा वर आणि वजन ९७. मी विचारले, "अरे, सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "मामा, काटा खोटं बोलत नाही. म्हणून मी त्याच्यासमोर जातच नव्हतो."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. एखाद्या शेतकऱ्याचे पीक गेले तर मी त्याला चारचौघांत असे बोललो असतो का? नाही. आधी माती पाहिली असती, मुळे उपटून पाहिली असती, मग तोंड उघडले असते. म्हणून भाच्याबरोबर मी त्याच्या डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, समजून घेतले. ते आता तुमच्या-माझ्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, वजन थांबते का? तुमची म्हैस आठवा. मोठ्या अंगाच्या जनावराला नुसते जगण्यासाठी जास्त खुराक लागतो, लहान अंगाच्या जनावराला कमी. माणसाचेही तसेच. १२८ किलोचे शरीर चालवायला जेवढे सरपण जळत होते, तेवढे ८४ किलोच्या शरीराला लागत नाही. शिवाय शरीराला वाटते की दुष्काळ पडला, म्हणून तेही काटकसर करू लागते. खाणे आणि जळणे यांची तोंडमिळवणी झाली की काटा थांबतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही थोडा थांबा येतो आणि तो आपोआप सुटतो. पुढे साधारण एक ते दीड वर्षाने मोठा थांबा येतो. तो आला म्हणजे ऑपरेशन फसले असे नाही. भाताला दाणा भरला की वाढ थांबते, त्याला आपण रोग म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, वजन परत का चढते? लव्हाळा सर्वांना ठाऊक आहे. वरून कितीही खुरपा, जमिनीतल्या गाठी राहतात आणि ओल मिळाली की पुन्हा कोंब येतो. चरबीचे तसेच आहे. वजन उतरते तेव्हा चरबीच्या पेशी आकाराने बारीक होतात. त्यांची संख्या फारशी घटत नाही. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढतात. त्यामुळे जेवण कमी जाते आणि भूक लावणारे एक संप्रेरकही घटते. पण काळ जातो तशी भूक थोडी परतते, पोट थोडे सैलावते, आणि जुन्या सवयी कोंब धरतात.

हे केवळ आपल्याकडे होते असेही नाही. या शस्त्रक्रियांपैकी बायपासची सुरुवात अमेरिकेत आयोवा या मक्याच्या राज्यात झाली. तिथल्या विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली ती केली. पुढे स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रोग्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे परत चढले, पण मोठा भाग उतरलेलाच राहिला. भाच्याला हा हिशेब कळला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा हलका झाला. तो एकटा नापास झालेला नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण नितीन गडकरी यांचे. २०११ साली, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०२२ साली उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात त्यांनीच सांगितले की आपले वजन पूर्वी १३५ किलो होते आणि आता ९३ आहे. मला त्यात एकच गोष्ट घेण्यासारखी वाटली. अकरा वर्षांनंतरही माणूस आपले वजन नेमके किलोत सांगतो, म्हणजे त्याने काटा सोडलेला नाही.

आता भाच्याच्या घरी काय सापडले ते ऐका. जेवण तो खरोखर कमी करीत होता. चोर दुसऱ्या दाराने येत होता. पाळीवर दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी. महिन्याला ७२०० झाल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. कागदावरच्या हिशेबाने नुसत्या साखरेतून महिन्याला जवळजवळ एक किलो! त्यात खिशातले फरसाण, वेफर, घोटघोट थंड पेय. लहान केलेले पोट भाकरीला अडवते. पातळ गोड पदार्थ आणि तोंडात विरघळणारे खाणे त्याच्यातून सरकून जाते. बांध घातला, पण मोरी उघडी राहिली.

आहारतज्ज्ञ बाईंनी घालून दिलेले नियम साधे आहेत.

ताटात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी पोटात जागा उरली तर भात-भाकरी. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. आपल्या वालात, मुगात, मटकीत, दह्यात, मासळीत ती आहेत. सुके बोंबील तर प्रथिनांची खाणच, पण रक्तदाब असेल तर मीठ धुऊन आणि बेताने. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर मांसही झिजते, आणि मांस झिजले की सरपण आणखी कमी जळते.

पाणी जेवताना नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. घास बारीक चावावा, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. दोन जेवणांच्या मध्ये चरणे बंद. चहा दोन कप, बिनसाखरेचा. दारू नको, बायपासनंतर तर ती पटकन चढते आणि सवयही लवकर लावते.

अंगमेहनत हवी. नुसते चालणे पुरत नाही, स्नायूंना ओझेही लागते. भाचा आता रोज पाऊण तास चालतो, आणि सुट्टीच्या दिवशी खाचराचे बांध घालायला बापाबरोबर उतरतो. रात्रपाळी टळत नसेल तर दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत पुरी करावी. झोप तुटली की भूक खवळते.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करावे आणि वहीत लिहावे. रोज पाहू नये. रोपे उपटून मुळे पाहणाऱ्याचे पीक येत नाही. कंबरही मोजावी. सर्वांत कमी झालेल्या वजनापेक्षा चार-पाच किलो वर गेले की वाट पाहू नये, डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड, काही औषधे, मनाचा ताण, पोटाच्या जोडणीतला दोष अशी कारणेही असतात, ती त्यांनाच कळतात. मार्च २०२५ पासून टिरझेपटाइड आणि जून २०२५ पासून वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने आपल्या देशात मिळू लागली आहेत. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. पण हा निर्णय डॉक्टरांचा. दुकानातली पावडर, कुणी दिलेला काढा, दोन दिवसांचे कडकडीत उपास यांच्या नादी लागू नका.

आणि गोळ्या! बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जन्मभर घ्यायच्या असतात. रक्ताची तपासणी वर्षातून किमान एकदा. ईएसआयचे कार्ड असेल तर यातले काय काय तिथे मिळते ते विचारून घ्या. सतत उलट्या, पोटात असह्य कळ, काळा शौच, हातापायांत बधिरता, चालताना तोल जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आता शेवटची गोष्ट, घरातल्या माणसांसाठी. भगिनींनो, "एवढंच खाल्लंस? अजून घास घे" असा आग्रह त्याला करू नका. आणि माझ्यासारख्या मामा-काकांनो, चारचौघांत टोमणा मारू नका. एका टोमण्याने माझ्या भाच्याचे एक वर्ष गेले. ताईने मला कधी बोल लावला नाही, फक्त एवढे म्हणाली, "दादा, जागा गेली त्याचं काही नाही. पोरगं लपायला लागलं होतं ना, ते बघवत नव्हतं."

गेल्या आठ महिन्यांत भाच्याचे वजन ९७ वरून ९१ झाले आहे. ८४ झालेले नाही, कदाचित होणारही नाही. पण साखर पुन्हा आटोक्यात आहे, पायांच्या मुंग्या गेल्या आहेत, आणि १२८ मधले ३७ किलो अजून उतरलेलेच आहेत. डॉक्टर म्हणाले, हे यशच आहे, फक्त राखावे लागेल. दर रविवारी सकाळी तो काट्यावर उभा राहतो आणि आकडा मला फोनवर सांगतो. कधी वर, कधी खाली. मी ऐकतो आणि "बरं, पुढच्या रविवारी बोलू" एवढेच म्हणतो.

लव्हाळा एका खुरपणीने जात नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पुन्हा उगवला तर आपण शेत टाकून देत नाही, आणि शेताला शिव्याही देत नाही. खुरपे घेतो आणि वाकतो. तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्याच्याशेजारी वाका, एवढेच सांगणे.

पुढच्या आठवड्यात भातानंतर अंगओलीवर वाल पेरण्याविषयी बोलू. तोवर पत्रे येऊ द्यात.