परत नेमलेली कुस्ती



या खेपेला खते-औषधे थोडी बाजूला ठेवतो. परवा सायखेड्याला कांद्याच्या चाळी पाहायला गेलो होतो. गोदाकाठच्या एका वस्तीवर चहा झाला. घरधनी आता चाळीतल्या सडीविषयी काही विचारतील म्हणून मी वही काढली, तर त्यांनी भलताच प्रश्न टाकला, "साहेब, पोराची कुस्ती परत नेमतोय. या वेळी मारील ना?"

मुलगा वीस वर्षांचा, वजन शंभर किलोच्या घरात. पंचक्रोशीच्या जत्रांत शेवटची मोठी कुस्ती त्याचीच असायची. यंदा चैत्रात मात्र त्याच्याहून दहा-बारा किलोने हलक्या, कोणी नावही न ऐकलेल्या गड्याने त्याला चीत केले. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावची जत्रा आहे. तिथे तीच जोड पुन्हा लावायची आणि इनामात कांद्याच्या पट्टीतले एकवीस हजार घरचे घालायचे, असे बापाने मनाशी ठरवले होते.

कुस्तीचे भाकीत करण्यात माझा हात कच्चा आहे, हे आधीच सांगून टाकतो. हर्षवर्धन सदगीर 2020 साली नाशिककडून खेळून महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हापासून मी त्याचा भक्त. जानेवारी 2023 मध्ये पुण्याला शिवराज राक्षेने त्याला गादीवर हरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धाराशिवला दोघे पुन्हा अंतिम फेरीत समोरासमोर आले. आपला गडी आता उट्टे काढणार, म्हणून मी चहा-भज्यांची पैज लावली. जिंकला पुन्हा राक्षेच. पैसे गेले ते थोडके, पण मी विचार कसला केला होता? फक्त इच्छा केली होती. राक्षेमध्ये काय आहे आणि दहा महिन्यांत सदगीरने त्यावर काय उतारा शोधला, याचा पत्ताच मला नव्हता.

हाच प्रकार मुष्टियुद्धातही होतो. अँथनी जोशुआ हा इंग्लंडचा हेवीवेट विजेता, तोवर एकही लढत न हरलेला. 1 जून 2019 रोजी न्यूयॉर्कला त्याच्यासमोर अँडी रुईझ नावाचा ढेरपोट्या गडी ऐन वेळी बदली म्हणून उभा राहिला. रुईझने जोशुआला चार वेळा खाली पाडले आणि सातव्या फेरीत लढत संपली. जग थक्क झाले. परतीची लढत ठरली 7 डिसेंबरला, सौदी अरेबियात दिरिया येथे. जोशुआचा कणा मोडला, असे म्हणणारे त्या वेळी कमी नव्हते.

पण दोघांची वजने बघा. मधल्या सहा महिन्यांत जोशुआ सुमारे साडेचार किलोने हलका झाला होता, रुईझ जवळजवळ सात किलोने जड. जोशुआने अंगावर जाणे सोडले, लांब हाताने मारून बाजूला सरकत राहिला आणि बाराही फेऱ्या काढून गुणांवर जिंकला. जल्लोषात दिवस गेले, तयारी कमी पडली, हे रुईझने नंतर स्वतःच कबूल केले. लढत डिसेंबरात झाली, पण निकाल आधीच लागत आला होता. द्राक्षवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीत तो धरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच. त्या दिवसांत बागेकडे पाठ फिरवली, तर ऑक्टोबरात कितीही धावपळ केली तरी घड कुठून येणार?

आणि मेहनत केली म्हणजे दरवेळी उट्टे निघतेच असेही नाही. फ्लॉइड पॅटरसन हा मोठा मुष्टियोद्धा 1962 साली सनी लिस्टनपुढे पहिल्याच फेरीत पडला. पुढच्या वर्षी परत लढला, परत पहिल्याच फेरीत पडला. समोरचाच भारी असेल, तर गारपिटीने गेलेली बाग आणि मुळात सूत्रकृमी लागलेली बाग यांत जो फरक, तोच इथे.

म्हणून मी घरधन्यांना विचारले, "पोरगा हरला कशाने?"

"पाय घसरला हो. नशीब!"

मुलगा उंबऱ्याशी बसून जमिनीकडे पाहत होता. बोलली ती त्याची आई, आतून, भाकरी थापता थापता. "पाय कसला घसरतोय? माघापासून कांदा काढणी. दोन महिने तालमीचं तोंड पाहिलं नाही त्यानं. पाच मिनिटं झाली आन् तोंडानं श्वास घ्यायला लागला. मी माळवदावरनं पाहत होते ना!"

घरधनी गप्प. मुलाने मान हलवली, म्हणजे आईचे खरे होते.

मी काही वस्ताद नाही. पण हे ऐकल्यावर माझे मत सांगितले. डावात कमी पडला नाही, अंगात कमी नाही, दम कमी पडला. हा दोष भरून निघण्यासारखा आहे, पंधरा दिवसांत मात्र नाही. दोन महिन्यांच्या खंडानंतर एकदम मेहनत वाढवली तर खांदा-गुडघा जायचा. समोरचा गडी तर जिंकल्यामुळे आज चढ्या दमात असणार. आत्ता जोड लावली तर पोरगा हरेल आणि एकवीस हजार जातील. नागपंचमीला लावा. मध्ये चार महिने आहेत. पहाटे धावणे, जोर-बैठका, वस्तादाच्या डोळ्यांसमोर रोजच्या लढती. आणि कांदा भरायला चार दिवस मजूर लावा, पोराला नको. तेव्हा मात्र पारडे त्याच्याकडे झुकेल, असे मला वाटते. तोवर तो दुसरा गडी गावोगावचे फेटे बांधून घेत हिंडतोय की तालमीत घाम गाळतोय, याची खबर ठेवा.

"आणि इनाम?" त्यांनी विचारले.

"जत्रा कमिटी देईल ते. घरचे एकवीस हजार ठिबकला लागतील."

त्यांना हे फारसे रुचले नाही. निघताना ते फक्त "बघू" म्हणाले. मोटारसायकलला किक मारत होतो, तेवढ्यात मुलगा मागून आला आणि हळूच विचारले, "साहेब, धावायला सुरुवात किती किलोमीटरनं करू?" मी म्हटले, ते वस्तादांना विचार, आणि उद्याच विचार.