तारीख एक नको, तीन द्या
किनवटजवळून वाहणाऱ्या पैनगंगेवरील निम्न पैनगंगा प्रकल्पाला 1997 मध्ये मंजुरी मिळाली. पाणी अजून शेतात नाही. बुडीत गावांचा विरोध, भूसंपादन, वनजमीन हे सारे काँक्रीटच्या आधीचे, तरी वेळापत्रक एकाच आशावादी तारखेवर उभे राहते. अमेरिकी नौदलाने 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी आणलेली ‘पर्ट’ पद्धत प्रत्येक कामाला तीन मुदती विचारते. भूसंपादनाला, समजा, लवकरात लवकर 12, बहुधा 18 आणि रखडलेच तर 60 महिने. मधल्या अंदाजाला चौपट वजन दिले की अपेक्षित मुदत 24 येते, 18 नव्हे. हे आकडेही अंदाजच, असा आक्षेप येईल. खरा आहे, पण जुन्या प्रकल्पांच्या फायली मग कशासाठी? विरोध मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. जलसंपदा विभागाने निदान तिन्ही मुदती जाहीर कराव्यात.