घरातलं घरात?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पौलाने इ.स. ५५च्या सुमारास करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला साधारण हेच लिहिलं: आपसातले तंटे बाहेर नेऊ नका, प्रसंगी नुकसान सोसा. सल्ला उत्तमच! पण तो देण्याघेण्याच्या किरकोळ भांडणांसाठी होता राव, गुन्हे झाकायला नव्हे.

बॉस्टनमध्ये काय झालं? मुलांवर अत्याचाराचे आरोप असलेल्या पाद्र्यांची वर्षानुवर्षं गुपचूप दुसऱ्या चर्चमध्ये बदली होत राहिली. २००२मध्ये 'बॉस्टन ग्लोब'ने ते उघड केलं, आणि त्याच डिसेंबरात कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं.

क्षमेचे दाखले देणारे लोक त्याच पत्रातला आधीचा, पाचवा अध्याय सोयीस्करपणे विसरतात. तिथे पौल दुराचारी माणसाला मंडळीबाहेर काढा म्हणतो. आणि स्वतःवर बेतलं तेव्हा त्यानेही थेट कैसराकडेच दाद मागितली!

'सोसा' हे ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतःला सांगायचं असतं, खुर्चीवरच्याने त्याला नाही. भावाने पैसे बुडवले तर जरूर चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडे जा. पण मुलाला कुणी हात लावला तर आधी पोलीस. २०१२च्या पॉक्सो कायद्याने तर असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे.